छपराची गळती : दुरुस्तीआधी शोधण्याला मोल द्या

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मे महिना लागला की आपल्या दैनिकात पावसाळ्यापूर्वीच्या कामांच्या बातम्या येऊ लागतात. नालेसफाई, दरडी, विजेच्या तारांवर आलेल्या फांद्या, धोकादायक इमारतींच्या याद्या यांवर सविस्तर लिहिले जाते आणि ते आवश्यकच आहे. मात्र ज्या त्रासापायी कोकणात आणि घाटमाथ्यावर घरोघरी जून ते सप्टेंबर बादल्या, पराती आणि जुनी पातेली जमिनीवर मांडून ठेवावी लागतात, त्या छपराच्या गळतीविषयी जाहिरातींखेरीज फारसे काही वाचायला मिळत नाही. बांधकामाच्या देखरेखीच्या नोकरीत ३० वर्षांहून अधिक काळ घालवलेला आणि आता रत्नागिरी तालुक्यातील वडिलोपार्जित कौलारू घरात राहणारा वाचक या नात्याने मी या विषयावर काही मांडू इच्छितो. पत्र लांबले आहे, याची मला जाणीव आहे. परंतु विषय घराघरातला असल्याने आपण त्याला जागा द्याल अशी आशा आहे.

माझे मुख्य म्हणणे असे आहे, की आपल्याकडे गळती बुजवण्याचा दर ठरलेला असतो, पण गळती शोधण्याचा दर नसतो. कारागीर येतो, छताखालचा ओला डाग पाहतो, वर जाऊन गच्ची किंवा पाखे (छपराची उतरती बाजू) मोजतो आणि चौरस फुटाचा भाव सांगतो. पाणी नेमके कोठून आत शिरते, हे त्याला कोणी विचारत नाही, कारण त्याचे उत्तर मिळवायला लागणाऱ्या दोन-तीन दिवसांची मजुरी द्यायची आपली तयारी नसते. मग ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ असा प्रकार होतो. डाग जेथे दिसतो त्याच्या बरोबर वर डांबर, सिमेंट किंवा रसायन ओतले जाते, पुढच्या आर्द्रा नक्षत्रात तोच डाग पुन्हा उमटतो, आणि घरमालक व कारागीर दोघेही एकमेकांविषयी वाईट मत करून घेतात.

हे मी केवळ दुसऱ्यांचे पाहून लिहीत नाही. माझ्या स्वतःच्या घरात सलग तीन पावसाळे हीच चूक झाली, आणि आयुष्यभर बांधकामावर देखरेख केलेल्या माणसाच्या हातून ती झाली, म्हणून ती जरा विस्ताराने सांगतो.

आमच्या घराचे आढे (छपराचा सर्वांत वरचा आडवा कणा) दक्षिणोत्तर आहे आणि पाखी पूर्वेला व पश्चिमेला उतरतात. मंगलोरी कौले आहेत. बासेल मिशनच्या मंडळींनी १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा पहिला कारखाना काढला आणि त्यानंतर ही कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरली. त्यांचा मोठा गुण असा, की प्रत्येक कौलाच्या कडेला खाच असते आणि ती शेजारच्या कौलाच्या उंचवट्यात बसते. त्यामुळे नळीच्या कौलांपेक्षा ही छपरे वजनाला हलकी आणि वाऱ्याला टिकाऊ झाली. परंतु हा गुण कौल खाचेत घट्ट बसलेले असेपर्यंतच असतो. दोन कौलांच्या मध्ये काडीइतकी वस्तू जरी अडकली, तरी ती जागा झडीला उघडी पडते.

तर आमच्या माजघरात देवघरासमोर, माळ्याच्या दोन फळ्यांमधल्या फटीतून थेंब पडू लागला. पहिल्या वर्षी त्या जागेच्या वरची ४० कौले बदलली. दुसऱ्या वर्षी आढ्यावरचे कोने उचलून नव्या सिमेंटात बसवले. तिसऱ्या वर्षी एका ओळखीच्या गृहस्थांच्या सल्ल्याने कौलांखाली प्लॅस्टिकचा कागद अंथरला, त्यामुळे थेंब एक फूट बाजूला सरकला आणि वाशांना वारा लागेनासा होऊन त्यांच्यावर बुरशी धरली. चौथ्या वर्षी मात्र मी कारागिराला बोलावण्याआधी भिंतीवर एक वही टांगली. पाऊस कधी सुरू झाला, वारा कोणत्या बाजूचा होता, पहिला थेंब कधी पडला, पाऊस थांबल्यावर थेंब किती वेळ चालू राहिला, एवढेच त्या वहीत लिहायचे असे घरातल्या सर्वांना सांगितले. माझ्या सूनबाईंनी आणि नातवाने ते काम माझ्यापेक्षा अधिक चोख केले.

तीन आठवड्यांत १४ नोंदी झाल्या आणि त्यांतून जे दिसले, ते तीन वर्षांत आम्हाला दिसले नव्हते. रात्रभर सरळ धार लागलेली असली तरी एकही थेंब पडत नव्हता. नैऋत्येकडून झड आली, की मात्र अर्ध्या-पाऊण तासात थेंब सुरू व्हायचा, भले तो पाऊस थोडाच असो. फुटलेले कौल असा भेद करत नाही. ते सरळ पावसातही गळते. याचा अर्थ पाणी वरून पडून आत येत नव्हते, तर वाऱ्याने ढकलले जाऊन कोठल्या तरी उघड्या सांध्यातून आत येत होते. पुढची झड आली तेव्हा मी आणि मुलगा विजेरी घेऊन माळ्यावर चढलो. थेंब पडत होता त्या वाशाला खालून हात लावला तर तो वरपर्यंत ओला होता. ओल वाशावरून तीन फूट वर गेली आणि तेथे एका रिपेच्या (कौलांखालच्या आडव्या लाकडी पट्टीच्या) सांध्याशी थांबली. तेथून ती वर न जाता आडवी दक्षिणेकडे वळली. जुना वासा किंचित खचल्यामुळे त्या रिपेला उतार आला होता, आणि पाणी त्या रिपेच्या खालच्या कडेला धरून चालत येत होते. ओलीच्या टोकाला कोळशाने खूण करत करत आम्ही सुमारे ११ फूट सरकलो, तेव्हा दक्षिणेच्या त्रिकोणी भिंतीजवळ छपरातून आत आलेली दूरदर्शन संचाच्या डिशची काळी तार दिसली. ज्याने ती बसवली त्याने सोय म्हणून एक कौल उचलून तार आत घेतली होती आणि कौल तिच्यावरच टेकवले होते. तारेच्या जाडीएवढे कौल उचललेले राहिले होते, आणि तीच तार पाण्याला आत येण्याची वाट दाखवत होती.

तार काढून ती वळचणीखालून भिंतीतून आत घेतली, आत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ दिला म्हणजे पाणी त्या झोळाच्या तळाशी गळून जाते, आणि कौल पुन्हा खाचेत बसवले. एका माणसाच्या अर्ध्या दिवसाचे हे काम होते. त्यानंतरच्या चार पावसाळ्यांत देवघरासमोर पाणी आलेले नाही. थेंब आणि भोक यांच्यात १४ फुटांचे अंतर होते, आणि तीन वर्षे आम्ही थेंबाच्या डोक्यावरची कौले बदलत होतो.

पाण्याची ही चाल एकदा लक्षात आली की शोधाची दिशा बदलते. उतरत्या छपरात भोक सहसा थेंबापेक्षा वरच्या अंगाला असते, म्हणून खालून वर शोधत जावे. कौलारू घरात त्यासाठी एक जुनी युक्ती आहे, जी शाकारणी (पावसाळ्याआधी छपराची डागडुजी) करणारे गडी पूर्वी न सांगता करत असत. भर दुपारी माळ्यावर जाऊन दिवे मालवून दोन-चार मिनिटे अंधारात उभे राहावे, म्हणजे जेथून आकाश दिसते ती प्रत्येक फट उजेडाच्या ठिपक्याने कळते. त्या फटीतून आतून एक लांब काडी बाहेर काढून ठेवली, की वर चढलेल्या माणसाला नेमके कौल सापडते. उजेड दिसणारी प्रत्येक फट गळतेच असे नाही, कारण एकावर एक चढलेल्या कौलांत बाजूने थोडा उजेड येतोच. तरीही शोधायची जागा शंभर कौलांवरून चार-पाच कौलांवर येते, हा लाभ थोडा नाही.

पाऊस नसताना शोधायचे असेल तर नळीने पाणी मारून पाहता येते, परंतु ते बहुतेक लोक उलट्या क्रमाने करतात. आढ्यापासून पाणी सोडले की सगळे पाखे भिजते, आणि आत थेंब पडला तरी कोणत्या सांध्याने तो आत घेतला हे कळण्याचा मार्ग उरत नाही. वळचणीपासून आरंभ करावा, एका पट्ट्यावर १५ ते २० मिनिटे पाणी पडू द्यावे, एक माणूस आत माळ्यावर बसवावा, आणि काही झाले नाही तरच दोन फूट वर सरकावे. पाणी पावसासारखे वरून खाली पडू द्यावे. खालून कौलाच्या तोंडात धार मारली तर जगातले कोणतेही छप्पर गळेल. या कामाला सबंध सकाळ जाते. ज्या कारागिराला चौरस फुटाने पैसे मिळणार आहेत तो ही सकाळ का घालवील, हा माझा प्रश्न आहे, आणि त्यात मी कारागिराला दोष देत नाही.

स्लॅबच्या घरांचे दुखणे वेगळे आणि अधिक फसवे असते. कौलांत पाणी मिनिटांत खाली येते. स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो, त्याच्यावर गिलावा किंवा चिनी मातीच्या फरशीचे तुकडे असतात, आणि एका बारीक भेगेतून शिरलेले पाणी त्या कोब्यात स्पंजात साठावे तसे साठून राहते. ते वाट मिळेल तिकडे आडवे पसरते आणि स्लॅबमध्ये जेथे काँक्रीट पोकळ राहिले असेल, किंवा जेथे विजेच्या तारांची नळी टाकलेली असेल, तेथून खाली उतरते. पंख्याच्या दांड्यातून पाणी गळते तेव्हा पंख्याच्या वर भेग आहे असे समजून तेथे गच्ची फोडणारे मी पाहिले आहेत. प्रत्यक्षात नळीत पाणी दुसऱ्या खोलीच्या डोक्यावर शिरलेले असते आणि पंख्याचे तोंड हे तिचे केवळ सर्वांत खालचे टोक असते. (अशा वेळी त्या खोलीचा वीजपुरवठा मुख्य बटणापासून बंद करावा, हे शोधाच्याही आधी.)

म्हणून स्लॅबच्या गळतीत वेळेची नोंद कौलांपेक्षाही जास्त बोलते. पाऊस आल्यावर तासाभराच्या आत गळू लागले तर वाट थेट आहे असे समजावे. बहुधा ती पावसाळी पाइपाच्या तोंडाशी, कठड्याच्या पायथ्याशी मारलेला सिमेंटचा वाटा (भिंत आणि गच्ची यांच्या कोनात भरलेला उतरता गिलावा) सुटलेल्या जागी, किंवा पाण्याची टाकी, जिन्याची खोली यांच्या भिंती गच्चीला मिळतात तेथे सापडते. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी ठिपकत राहिले तर पाणी कोब्यात साठले आहे आणि भेग कोठेही असू शकते. डागाच्या कडेला पांढरी खरखरीत पुटे धरली असतील, किंवा छताला चुन्याचे बारीक सुळके लोंबत असतील, तर पाणी काँक्रीटमधून बरीच वर्षे झिरपते आहे आणि जाताना त्यातला चुना विरघळवून नेते आहे. आणि पाऊसच नसताना गळत असेल, तर छपराला हात लावण्याआधी नळ आणि टाक्या पाहाव्यात.

हे शेवटचे वाक्य अगदी साधे वाटेल, तरी पुण्यात माझ्या बहिणीच्या सोसायटीत त्यासाठी पाच वर्षे लागली. वरच्या मजल्यावरच्या तिच्या स्वयंपाकघराचे छत ओले राहत असे. सोसायटीने दोनदा संपूर्ण गच्चीचे जलरोधक काम करून घेतले, दोन्ही वेळी निरनिराळ्या ठेकेदारांकडून आणि दोन्ही वेळी लेखी हमीसह. मी जानेवारीत तिच्याकडे राहायला गेलो असता छतावरून पाणी ठिपकत होते, आणि पुण्यात त्या महिन्यात पाऊस नव्हता. आम्ही दोघे भाऊबहीण घड्याळ घेऊन बसलो. पहाटे पंपाने गच्चीवरची टाकी भरली जाई, आणि त्यानंतर काही वेळाने थेंब सुरू होई. संध्याकाळी पुन्हा तसेच. टाकीच्या ओसंडून जाणाऱ्या पाण्याची नळी कठड्याच्या आतच सोडलेली होती आणि तिच्या तोंडाखालचा वाटा भिंतीपासून सुटलेला होता. जलरोधक थर टाकणाऱ्यांनी टाकीच्या खालचा भाग दोन्ही वेळा वगळला होता, कारण टाकीखाली हात जात नव्हता. बहिणीने त्या पाच वर्षांत दोनदा स्वयंपाकघर रंगवले, भिंतीतले एक कपाट काढून टाकले आणि समितीच्या सभेत पुष्कळ कटू शब्द ऐकले. हे ऐकून घेणे तिला नको होते आणि त्याची गरजही नव्हती.

सपाट गच्चीसाठी खात्रीची परीक्षा म्हणजे पाणी तुंबवून पाहणे. पावसाळी पाइपांची तोंडे बंद करून गच्चीवर सुमारे २५ मिलिमीटर, म्हणजे एक इंच, पाणी ४८ तास धरून ठेवायचे आणि खालून पाहत राहायचे, एवढीच ती पद्धत आहे. नव्या कामाच्या स्वीकृतीसाठी ती वापरतात, परंतु जुन्या गळतीच्या शोधासाठी तिच्यात एक सुधारणा करावी लागते. सबंध गच्ची एकदम भरली तर गळती आहे एवढेच कळते, आणि ते आपल्याला आधीच ठाऊक असते. मातीचे किंवा कच्च्या सिमेंटचे चार बोटे उंचीचे बांध घालून गच्चीचे वाफे करावेत, जसे भाजीच्या मळ्यात करतात, आणि एकेक वाफा वेगळा भरावा. कठड्याच्या कडेचा पट्टा वेगळा, पाइपाच्या तोंडाचा वेगळा, मधला भाग वेगळा. एक इंच पाण्याचे वजन चौरस मीटरला २५ किलो होते; सुस्थितीतल्या स्लॅबला ते जड नाही, परंतु ज्या स्लॅबच्या सळया उघड्या पडल्या आहेत तेथे अभियंत्याला विचारल्याशिवाय पाणी भरू नये.

सळयांविषयी येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. गळणारी कौले घर ओले करतात, पण गळणारा स्लॅब घराची ताकद खातो. लोखंड गंजले की त्याचे आकारमान दुपटीहून अधिक वाढते, आतून काँक्रीट फुटते, खपल्या पडतात आणि उघडी पडलेली सळई आणखी वेगाने गंजते. खालून गिलावा करून रंग दिला की ही क्रिया केवळ डोळ्यांआड होते. खालून बुजवलेली गळती ही मला न बुजवलेल्या गळतीपेक्षा अधिक भयावह वाटते, कारण पाणी आतच राहते.

पत्र्याच्या छपरांविषयी थोडेच लिहितो. २०२० च्या जूनमधील निसर्ग वादळानंतर आणि २०२१ च्या मे महिन्यातील तौक्ते वादळानंतर किनाऱ्यावर कित्येक कौलारू घरांवर पत्रे आले. त्यांतली बहुतेक गळती स्क्रूखालच्या रबरी चकत्या उन्हाने तडकल्याने, स्क्रू पत्र्याच्या उंचवट्याऐवजी पन्हळीत मारल्याने, किंवा एक पत्रा दुसऱ्यावर सहा इंचांपेक्षा कमी चढवल्याने होते. पत्रा स्वतः क्वचितच दोषी असतो. आणि एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते : थंडीत पहाटे पत्र्याच्या आतल्या बाजूला दव धरते आणि त्याचे थेंब अंथरुणावर पडतात. ती गळती नव्हे. त्यावर वरून कितीही डांबर लावले तरी ती थांबणार नाही. घरातली दमट हवा बाहेर जायला आढ्याशी वाट ठेवणे हाच तिचा उपाय आहे.

शोधाच्या नादात कोणी ओल्या छपरावर चढू नये, ही कळकळीची विनंती. शेवाळलेले कौल साबणासारखे असते, आणि जुने सिमेंटचे पत्रे माणसाच्या भाराने क्षणात फुटतात. पावसात जे पाहायचे ते आतून, माळ्यावरून पाहावे. वर चढायचे ते उघाडीत, आडव्या टाकलेल्या फळीवरून आणि कमरेला दोर बांधून. असे अपघात मी नोकरीत पाहिले आहेत आणि त्यातला एक मी आजही विसरू शकलेलो नाही.

आता व्यवहाराकडे वळतो. पूर्वी कोकणात शाकारणीचे गडी वर्षानुवर्षे त्याच घरी येत. कोणत्या पाख्यात कोणता वासा खचला आहे, कोणत्या कोपऱ्यावर फणसाची फांदी घासते, वानरे कोठून उडी मारतात हे त्यांना पाठ असे, आणि त्यामुळे वेगळ्या शोधाची गरज पडत नसे. ती माणसे आता म्हातारी झाली, त्यांची मुले मुंबईला गेली, आणि त्यांचे ज्ञान कोठे लिहिले गेले नाही. त्यांच्या जागी आलेला तरुण ठेकेदार वाईट आहे असे मी म्हणत नाही. त्याला आपले घर माहीत नाही आणि ते माहीत करून घेण्याचे पैसे आपण त्याला देत नाही. डॉक्टरांना आपण तपासणीची फी औषधाच्या आधी देतो. तशीच छपराची तपासणी हे स्वतंत्र, दिवसाच्या हिशेबाने मोबदला मिळणारे काम आहे असे मानावे. तपासणारा आणि काम करणारा शक्य तर वेगळा असावा. आणि तपासणीनंतर पाणी कोठून शिरते, हे कोणत्या परीक्षेने ठरवले, आणि कोणत्या जागा निर्दोष आढळल्या, हे तीन मुद्दे त्याने एका कागदावर लिहून द्यावेत. तिसरा मुद्दा पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे, कारण पुढच्या वेळी तेथून पुन्हा आरंभ करावा लागत नाही.

सोसायट्यांना तर हे विशेष लागू आहे. राज्यातील गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याने होणाऱ्या गळतीची दुरुस्ती सोसायटीने स्वखर्चाने करायची असते, आणि १५ ते ३० वर्षांच्या इमारतींची संरचनात्मक तपासणी दर ५ वर्षांनी व त्याहून जुन्या इमारतींची दर ३ वर्षांनी करायची असते. त्या तपासणीच्या अहवालात गळतीच्या डागांची छायाचित्रे असतात, परंतु गळतीचा उगम बहुधा लिहिलेला नसतो. तो लिहून मागण्याचा आग्रह समित्यांनी धरावा. नव्या सदनिकांच्या बाबतीत २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांपर्यंत बांधकामातील दोष विकासकाने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून देण्याची तरतूद केली आहे. तेथेही वादाचा मुद्दा हाच असतो, की दोष बांधकामाचा की वरच्या रहिवाशाच्या नळाचा. तारीख, वेळ आणि परीक्षेची नोंद असलेली वही ज्याच्याजवळ असेल त्याचे म्हणणे अशा वेळी नाकारणे कठीण जाते.

ग्रामीण घरकुलांविषयीही मला चिंता वाटते. प्रधानमंत्री आवास योजनेतील ग्रामीण घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. आमच्या रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे एवढ्याशा घराच्या डोक्यावरही एका पावसाळ्यात ७५,००० लिटरपेक्षा जास्त पाणी पडते. ते घर ज्याने आयुष्यात प्रथमच पक्के बांधले, त्याला दुसऱ्या वर्षी गळू लागल्यावर तीनदा ठेकेदार बदलणे परवडणारे नाही. घरकुलांची पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी पहिल्या पावसाळ्यात, पाऊस पडत असताना, एक फेरी मारावी, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील गवंडीकामाच्या शिक्षणात गळतीच्या शोधाचे प्रात्यक्षिक असावे, असे मला संबंधितांना सुचवावेसे वाटते. एक जुने छप्पर, एक पाण्याची नळी आणि चार सकाळी, यांपलीकडे त्याला काही लागत नाही.

वेळेचाही एक मोठा घोळ आहे. आपण गळतीची आठवण काढतो मे महिन्यात, जेव्हा छप्पर कोरडे ठणठणीत असते आणि गवंडी मिळत नाही. शोध घेण्याचा खरा काळ पावसाळ्याच्या मध्यावर असतो. मृग आणि आर्द्रात सगळेच ओले होते. श्रावण लागल्यावर ऊन आणि सरी आलटून-पालटून येऊ लागतात, भिंती मधून मधून वाळतात, आणि प्रत्येक सर ही एक वेगळी परीक्षा ठरते. पुष्य ते पूर्वा नक्षत्र, म्हणजे साधारणतः जुलैच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत शोध घ्यावा, खुणा करून ठेवाव्यात, आणि हस्ताचा पाऊस सरला की लगेच दुरुस्ती करावी. परतीच्या पावसात वारा पूर्वेकडून येतो, त्यामुळे पूर्वेच्या पाख्याची परीक्षाही त्याच सुमारास आपोआप होते. ती नोंद सोडू नये.

आपल्या दैनिकाकडे माझी एक छोटी मागणी आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात आपण एका पानाच्या कोपऱ्यात, वाचकांना कापून भिंतीवर चिकटवता येईल असा एक रिकामा तक्ता छापावा. त्यात सहा रकाने असावेत : तारीख, पाऊस सुरू झाल्याची वेळ, वाऱ्याची दिशा, पहिल्या थेंबाची वेळ, पाऊस थांबल्यानंतर थेंब किती वेळ चालला, आणि त्या दिवशी गच्चीवरची टाकी केव्हा भरली. खाली ३० ओळी पुरेत. आमच्या वहीत १४ ओळी भरल्या तेव्हा काम झाले होते.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक नियमित वाचक
तालुका रत्नागिरी